जुना संगणक झाला घरचा राखणदार

माळ्यावर चढवलेला जुना संगणक हा आता बहुतेक शहरी घरांचा भाग झाला आहे. तो टाकवत नाही आणि वापरवतही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा थांबली आणि या अडगळीत आणखी भर पडली. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर नसल्याने चांगली चालती यंत्रे निवृत्त झाली.

त्याच घरात दुसरीकडे माहितीचा साठा वाढतच असतो. मुलीच्या बारशाची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण, आयकराची विवरणपत्रे, घराच्या कराराची स्कॅन केलेली पाने, कुणाचा तरी अर्धा लिहून झालेला प्रबंध. यातील बरेचसे एकाच लॅपटॉपच्या एकाच डिस्कवर असते. हार्डडिस्क बंद पडते तेव्हा अनेकदा पूर्वसूचना देत नाही. मग डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे धावाधाव होते, मोठा खर्च होतो आणि तरीही यशाची खात्री नसते.

निवृत्त संगणकाला या साठ्याच्या राखणीचे काम देता येते. त्यासाठी लागणारी प्रणाली मोफत आहे आणि दोन सुट्ट्यांच्या दिवसांत हे काम उरकते. मात्र एक गोष्ट आधीच लक्षात घ्यायला हवी. दुसऱ्या यंत्रावर फाइल उतरवून ठेवली म्हणजे बॅकअप झाला, असे होत नाही. चुकून पुसलेली फाइल कालच्या, गेल्या आठवड्याच्या किंवा गेल्या महिन्याच्या रूपात परत मिळाली, तरच त्याला बॅकअप म्हणता येईल. पुढची सर्व मांडणी या एका कसोटीवर केली आहे.

कल्पना जुनीच

घरासाठी स्वतंत्र सर्व्हर ही कल्पना नवी नाही. जानेवारी २००७ मध्ये लास व्हेगास येथील ग्राहक इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांनी 'विंडोज होम सर्व्हर'ची घोषणा केली होती. घरातील सर्व संगणकांचा रोज रात्री आपोआप बॅकअप घेणे हे त्याचे मुख्य काम होते. ते उत्पादन फार काळ टिकले नाही. त्याच्या शेवटच्या, म्हणजे २०११ च्या आवृत्तीचा आधार १२ एप्रिल २०१६ रोजी संपला.

मुक्त प्रणालींच्या जगात मात्र हीच कल्पना रुजली. युनिक्स सर्व्हरवरील फोल्डर डॉस संगणकाला दिसावेत यासाठी ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास जे काम सुरू केले, त्यातून 'सांबा' हा प्रोग्रॅम उभा राहिला. ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये 'आरसिंक' आणला. मोठ्या फाइलमधील फक्त बदललेला भाग पाठवण्याची युक्ती त्यात आहे. घरगुती बॅकअप सर्व्हर आजही प्रामुख्याने या दोन खांबांवर उभा राहतो.

कोणता संगणक चालेल?

साधारण २०१० नंतरचा, ६४ बिटचा आणि किमान २ जीबी रॅम असलेला डेस्कटॉप या कामाला पुरेसा आहे. फाइल साठवायला वेगवान प्रोसेसर लागत नाही. संगणक ३२ बिटचा असेल, तर मार्ग अरुंद होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स प्रणालीने ३२ बिटच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. डेबियन १२ अशा संगणकावर चालते. पण तिची दीर्घकालीन देखभालही जून २०२८ पर्यंतच आहे. अशा यंत्रावर नवा खर्च न करणे बरे.

काम सुरू करण्यापूर्वी कॅबिनेट उघडून धूळ काढावी आणि मदरबोर्डवरील कपॅसिटर पाहावेत. त्यांची डोकी फुगलेली किंवा गळालेली असतील, तर त्या यंत्राचा नाद सोडावा. पंखा फिरतो का, हे तपासावे. संगणक दर वेळी तारीख विसरत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल बदलावा. ही क्षुल्लक वाटणारी दुरुस्ती महत्त्वाची आहे, कारण ठरल्या वेळी बॅकअप घेणारे यंत्र घड्याळावरच अवलंबून असते.

जुना लॅपटॉपही चालतो. तो वीज कमी खातो आणि त्याची बॅटरी चांगली असेल, तर वीज गेल्यावर तीच यूपीएसचे काम करते. फुगलेली बॅटरी मात्र लगेच काढून टाकावी. ती आग लागण्याचे कारण ठरू शकते.

जुने यंत्र, नवी डिस्क

जुन्या संगणकातील बहुतेक भाग वापरावेत, पण साठवणीची डिस्क नवी घ्यावी. ज्या वस्तूवर आपण शेवटचा भरवसा ठेवणार, तीच दहा वर्षे झिजलेली असणे शहाणपणाचे नाही. जुनी डिस्क वापरायचीच असेल, तर तिचा 'स्मार्ट' अहवाल पाहावा. हार्डडिस्क स्वतःच्या प्रकृतीची ही नोंद ठेवत असते. त्यात 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' म्हणजे खराब झाल्याने बाजूला काढलेल्या जागांचा आकडा वाढत असेल, तर ती डिस्क शेवटाकडे चालली आहे असे समजावे.

घरातील सर्वांची माहिती मिळून जेवढी होते, त्याच्या किमान दुप्पट जागा असावी. फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही ठेवायच्या आहेत. प्रणालीसाठी १२० जीबीची साधी एसएसडी वेगळी लावावी आणि माहितीसाठी मोठ्या हार्डडिस्क ठेवाव्यात. शक्य असल्यास अशा दोन घ्याव्यात. त्यांचा उपयोग पुढे येईलच.

दोन डिस्क म्हटल्या की 'रेड'चे नाव निघते. रेड १ या पद्धतीत एकच माहिती दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते. एक डिस्क बंद पडली, तर काम थांबत नाही, हा तिचा खरा फायदा. पण आपण चुकून फोल्डर पुसला, तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो. म्हणून रेडला बॅकअप मानू नये. घरगुती वापरासाठी दुसरी डिस्क स्वतंत्र ठेवून तिच्यावर ठरावीक काळाने प्रती घेणे अधिक उपयोगाचे.

आधी जुने सामान उतरवा

प्रणाली बसवण्याच्या उत्साहात एक घात हमखास होतो. जुन्या संगणकाच्या डिस्कवर पूर्वीची छायाचित्रे असतात, कदाचित त्यांची ती एकमेव प्रत असते आणि नव्या प्रणालीसाठी तीच डिस्क पुसली जाते. म्हणून आधी जुन्या डिस्कवरील सर्व काही बाहेर काढून घ्यावे. काढलेल्या फाइल उघडून पाहाव्यात. प्रणाली बसवताना ज्या डिस्कवर ती बसवायची आहे ती सोडून इतर सर्व डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात. मग चुकीची डिस्क निवडली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

मराठी घरांसाठी इथे आणखी एक सूचना. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉण्टमध्ये लिहिलेला मजकूर अनेकांच्या संगणकावर आहे. अशा फाइलमध्ये देवनागरीऐवजी रोमन अक्षरांच्या जागांचे सांकेतिक क्रमांक साठवलेले असतात. फाइल सुखरूप परत मिळाली, पण फॉण्ट हरवला, तर पडद्यावर केवळ निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून फाइलबरोबर तिचे फॉण्टही जतन करावेत. शिवाय जुना संगणक चालू आहे तोवर महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ प्रत करून ठेवावी. पीडीएफमध्ये फॉण्ट समाविष्ट करण्याची सोय असते.

प्रणाली बसवताना

या कामासाठी खास तयार केलेल्या मोफत प्रणालींपैकी 'ओपनमीडियाव्हॉल्ट' जुन्या संगणकाला सोयीची आहे. फोल्कर थाइले यांनी सुरू केलेली ही प्रणाली डेबियनवर आधारलेली असून तिला १ जीबी रॅमही पुरते. 'ट्रूनॅस' ही दुसरी नावाजलेली प्रणाली अधिक सामर्थ्यवान आहे, पण ती किमान ८ जीबी रॅम मागते.

ओपनमीडियाव्हॉल्टची प्रतिमा-फाइल प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन पेनड्राइव्हवर उतरवावी आणि जुना संगणक तिच्यावरून सुरू करावा. मॉनिटर आणि कीबोर्ड फक्त या टप्प्यापुरते लागतात. प्रणाली बसल्यावर संगणक नेटवर्क केबलने राउटरला जोडावा. पडद्यावर त्याचा पत्ता दिसतो. घरगुती जाळ्यात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. हा पत्ता दुसऱ्या संगणकाच्या ब्राउजरमध्ये टाकला, की व्यवस्थापनाचे पान उघडते. पहिल्या प्रवेशासाठीचा पासवर्ड सर्व यंत्रांना सारखाच आणि सर्वांना ठाऊक असतो. म्हणून तो बदलणे हेच पहिले काम. राउटरमध्ये या संगणकाचा पत्ता कायम राखून ठेवावा, म्हणजे तो रोज बदलत नाही.

यानंतरचा क्रम सरळ आहे. हार्डडिस्कवर 'ईएक्सटी४' ही फाइल-रचना तयार करावी. घरातील प्रत्येकासाठी स्वतंत्र नाव आणि पासवर्ड असलेले खाते काढावे. प्रत्येकाचा फोल्डर वेगळा ठेवावा आणि 'एसएमबी' सेवा सुरू करून तो फोल्डर त्यालाच खुला करावा. सर्वांना एकच सामायिक फोल्डर दिला, तर एकाची चूक सर्वांना भोवते.

जुनी मार्गदर्शने वाचताना एक सावधगिरी बाळगावी. विंडोजला सर्व्हर दिसत नसेल, तर 'एसएमबी १' सुरू करा, असा सल्ला त्यांत आढळतो. तो मानू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने विंडोजमधील याच जुन्या पद्धतीच्या त्रुटीचा आधार घेतला होता.

वेगाचा हिशेब

पहिला बॅकअप सर्वांत मोठा असतो. जुन्या संगणकातील नेटवर्क कार्ड १०० मेगाबिटचे असेल, तर सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट माहिती जाते. म्हणजे १०० जीबीला साधारण अडीच तास लागतात. कार्ड, राउटर आणि केबल तिन्ही गिगाबिटची असतील, तर हेच काम पंधरा-वीस मिनिटांत होऊ शकते. वाय-फायचा वेग भिंतींनुसार आणि शेजाऱ्यांच्या राउटरनुसार बदलतो, म्हणून पहिली प्रत केबलनेच घ्यावी. त्यानंतर रोज फक्त बदललेल्या फाइल जातात आणि त्याला वाय-फाय पुरते.

प्रतींची रचना

विंडोजमध्ये २०१२ पासून 'फाइल हिस्टरी' ही सोय आहे. विंडोज ११ मध्येही ती कंट्रोल पॅनलमध्ये सापडते. तिला सर्व्हरवरील आपला फोल्डर दाखवला, की ती नेमलेल्या फोल्डरांतील बदललेल्या फाइल ठरावीक काळाने तिथे पाठवते आणि जुन्या आवृत्त्याही राखते. अ‍ॅपलच्या संगणकांवर हेच काम 'टाइम मशीन' करते आणि ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये त्यासाठीही सोय आहे. मोबाइलमधील छायाचित्रे ठरावीक दिवशी लॅपटॉपच्या अशाच नेमलेल्या फोल्डरमध्ये उतरवावीत, म्हणजे ती आपोआप या साखळीत येतात. गूगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपल्याने ही सवय आता अधिक गरजेची झाली आहे.

एवढ्यावर थांबता येणार नाही. जो फोल्डर लॅपटॉपला लिहिण्यासाठी खुला आहे, तो लॅपटॉपमध्ये शिरलेल्या व्हायरसलाही खुला असतो. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या नेटवर्क फोल्डरांतील फाइलही कुलूपबंद करतात. म्हणून सर्व्हरमधील दुसरी डिस्क कुणालाही खुली ठेवू नये. रोज रात्री सर्व्हरने स्वतः पहिल्या डिस्कवरील मजकुराची त्या तारखेची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. आरसिंकमध्ये यासाठी एक काटकसरीची सोय आहे. न बदललेल्या फाइलची नवी प्रत न करता आधीच्याच प्रतीकडे 'हार्ड लिंक' जोडला जातो. त्यामुळे प्रत्येक दिवसाचा फोल्डर पूर्ण दिसतो, पण जागा फक्त बदललेल्या फाइलना लागते. सात दिवसांच्या, चार आठवड्यांच्या आणि सहा महिन्यांच्या प्रती ठेवून बाकीच्या काढून टाकणे घरासाठी पुरेसे आहे. मंगळवारी बिघडलेली फाइल शनिवारी लक्षात आली, तरी सोमवारची प्रत हाताशी राहते.

घराबाहेरची एक प्रत

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या ज्या घरांत पाणी शिरले तिथे संगणक आणि त्याशेजारी ठेवलेल्या सीडी एकत्रच भिजल्या असणार. सर्व प्रती एका छपराखाली असल्या, की एक पूर, एक आग किंवा एक चोरी पुरते.

यासाठी एक बाह्य हार्डडिस्क घ्यावी. महिन्यातून एकदा ती सर्व्हरला जोडून प्रत घ्यावी आणि लगेच काढून दुसऱ्या भागात राहणाऱ्या भावाकडे, बहिणीकडे किंवा गावच्या घरी ठेवावी. ही डिस्क सांकेतिक कुलूप घालून ठेवावी, म्हणजे हरवली तरी कागदपत्रे परक्यांच्या हाती जाणार नाहीत. या कुलपाचा पासवर्ड विसरला, तर माहिती कुणालाही परत मिळवता येत नाही. तो कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावा आणि तो कुठे आहे, हे घरातील आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावे. बॅकअपची सारी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर त्या माणसामागे ती कुटुंबाच्या उपयोगी पडत नाही.

सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडण्याचा मोह मात्र टाळावा. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर व्हायरसने नेमकी इंटरनेटला थेट जोडलेली घरगुती साठवण-यंत्रे लक्ष्य केली होती. राउटरमध्ये या सर्व्हरसाठी कोणतेही दार उघडू नये. प्रणालीच्या सुधारणा मात्र वेळच्या वेळी घ्याव्यात.

विजेचा खर्च आणि वीज जाणे

मॉनिटर नसलेला जुना डेस्कटॉप सुमारे ५० वॅट वीज घेतो असे धरले, तर दिवसरात्र चालू ठेवल्यास महिन्याला ३६ युनिट होतात. रोज एकच तास चालवला, तर दीड युनिट पुरते. बॅकअपला दिवसभर जागे राहण्याची गरज नसते. बहुतेक मदरबोर्डच्या बायोसमध्ये ठरल्या वेळी संगणक सुरू करण्याची सोय असते. रात्री नऊला तो सुरू व्हावा, लॅपटॉपकडून फाइल घ्याव्यात, दुसऱ्या डिस्कवर प्रत करावी आणि दहाला बंद व्हावा, अशी वेळ लावून देता येते. मधल्या काळात सर्व्हर बंद असला, तर फाइल हिस्टरी नव्या आवृत्त्या लॅपटॉपवरच तात्पुरत्या ठेवते आणि सर्व्हर भेटल्यावर पाठवते. बंद यंत्रापर्यंत व्हायरसही पोहोचत नाही, हा वेगळा फायदा.

लिहिणे चालू असताना वीज गेली, तर फाइल-रचना बिघडू शकते, म्हणून छोटा यूपीएस असावा. संगणक जमिनीवर न ठेवता उंचावर, हवा खेळेल अशा जागी ठेवावा.

परत मिळते का, हे पाहा

बॅकअपबाबत सर्वांत मोठा गाफीलपणा म्हणजे तो चालू आहे असे गृहीत धरणे. १९९८ मध्ये पिक्सार या कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना चुकीच्या एका आज्ञेने चित्रपटाच्या फाइल पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअपकडे वळल्यावर तो नीट होत नव्हता असे उघडकीला आले. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीने कंपनीत आणला गेला आणि काम वाचले. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या संकेतस्थळाच्या मुख्य डेटाबेसमधील माहिती चुकून पुसली गेली, तेव्हाही बॅकअपच्या अनेक व्यवस्था निकामी असल्याचे त्या क्षणी कळले. एका कर्मचाऱ्याने सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहिले.

एवढ्या मोठ्या संस्थांना जे चुकले, ते घरी चुकणे सहज शक्य आहे. म्हणून महिन्याचा एक दिवस ठरवावा. त्या दिवशी एक छायाचित्र, एक कागदपत्र आणि एक ध्वनिमुद्रण सर्व्हरच्या जुन्या प्रतीतून वेगळ्या फोल्डरमध्ये काढावे आणि उघडून पाहावे. डिस्कचा स्मार्ट अहवाल आणि शिल्लक जागा तपासावी. वर्षातून एकदा घराबाहेरच्या डिस्कचीही अशीच परीक्षा घ्यावी, तीही दुसऱ्या संगणकावर. या सर्वाला अर्धा तास पुरतो.

ही तपासणी घरातील संगणकाची आवड असलेल्या व्यक्तीनेच करावी, असे नाही. फाइल परत काढण्याची कृती एका कागदावर क्रमाने लिहून कॅबिनेटवर चिकटवावी आणि एखाद्या महिन्यात ती घरातील दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगावी. त्या व्यक्तीला कुणाचीही मदत न घेता बारशाचे छायाचित्र उघडता आले, तर माळ्यावरून उतरवलेला तो जुना संगणक खऱ्या अर्थाने कामाला लागला असे समजावे.